“घरी कळलं तर कॉलेज बंद होईल”: कॉलेजातला लैंगिक छळ, तक्रार समिती आणि मुलींना माहीत असायलाच हवेत असे नियम

आमच्या कॉलेजात मुलींच्या कॉमन रूमशेजारी एक फ्लेक्स टांगलेला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘अंतर्गत तक्रार समिती’, खाली आठ-दहा नावं, पदं आणि मोबाईल नंबर. उन्हाने तो पांढरा पडला होता आणि त्यावरच्या दोन मॅडम निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. त्याच्यासमोर उभी राहून पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं, “मॅडम, ही विशाखा समिती नोकरीवाल्या बायांसाठी राहते ना?”

ती तिच्यासाठीच असते. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे. मी खानदेशात पंचवीसेक वर्षं शिकवते आहे आणि त्यातली काही वर्षं अशा समितीवर होते. तिथे ऐकलेलं एकही वाक्य इथे येणार नाही, ते बाहेर सांगायला कायद्यानेच मनाई आहे. पुढे दिलेले प्रसंग समजावण्यासाठी बेतलेले आहेत, कुणा एकीचे नाहीत. नियम मात्र खरे आहेत. मुलींना ते माहीत नाहीत, आईवडिलांना माहीत नाहीत आणि माझ्या कित्येक सहकाऱ्यांनाही अर्धवटच माहीत आहेत.

आधी नावाचं सांगते, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. राजस्थानात भंवरीदेवी नावाची बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होती. गावातला बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती जे करत होती ते तिचं काम होतं, आणि काम करणाऱ्या बाईला संरक्षण देण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यातल्या एका संघटनेचं नाव विशाखा. 13 ऑगस्ट 1997 रोजी निकाल लागला, तो विशाखा निकाल म्हणून ओळखला जातो. त्यातून कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे हे ठरलं आणि आपल्याकडे तिला ‘विशाखा समिती’ हे नाव चिकटलं. संसदेने कायदा केला तो 2013 मध्ये, लागू झाला 9 डिसेंबर 2013 पासून. तेव्हापासून तिचं कायद्यातलं नाव अंतर्गत तक्रार समिती, किंवा नुसती अंतर्गत समिती. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2 मे 2016 रोजी उच्च शिक्षण संस्थांसाठी वेगळी नियमावली अधिसूचित केली. तिच्यात विद्यार्थिनींचा विचार अगदी सविस्तर केलेला आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी असलेलं आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि त्याला जोडलेली कॉलेजं, सगळ्यांना ती लागू आहे.

छळ कशाला म्हणायचं? मुलींशी बोलताना मला जाणवतं की त्यांच्या डोक्यात छळ म्हणजे बलात्कार किंवा हात धरणं. त्याच्या अलीकडचं सगळं ‘चालतंच’ या खात्यात जमा. कायद्याने मात्र सगळा भार एका शब्दावर टाकला आहे: नकोसं. नकोसा स्पर्श. शरीरसुखाची मागणी, मग ती कितीही गोड शब्दांत असो. अश्लील अर्थाचं बोलणं. अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, पाठवणं. आणि लैंगिक स्वरूपाचं इतर कुठलंही नकोसं वागणं, शब्दांनी केलेलं असो की न बोलता. वर्गात शिकवताना एकीच्याच छातीकडे बघत राहणारे सर यात येतात. रात्री साडेअकराला ‘झोपली का’ असा मेसेज टाकणारे विभागप्रमुख, मुलींच्या अंगाविषयी व्हॉट्सॲप ग्रुपवर शेरे मारणारी पोरं, जर्नलवर सही घ्यायला गेलं की दार लावून घेणारा प्रयोगशाळा सहायक, हेही यातच येतात.

“माझा तसा हेतू नव्हता” हे उत्तर समितीपुढे पुरत नाही. वागणं समोरच्या मुलीला नकोसं होतं का आणि त्याने तिच्या शिकण्यावर, वावरण्यावर काय परिणाम झाला, हे पाहिलं जातं. “ती हसली होती” हेही पुरत नाही. सर काही बोलले आणि मुलीने हसून विषय टाळला, याला होकार म्हणत नाहीत. ज्याच्या हातात आपले इंटर्नलचे गुण आहेत त्याला तोंडावर नाही म्हणणं किती अवघड असतं, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ‘माझं ऐकलंस तर तुझं बघतो’ किंवा ‘नाही ऐकलंस तर बघ’ हे उघड न म्हणता सुचवलं, तरी तो छळच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एखाद्या मुलाने मुलीला सरळ विचारलं, तिने नाही म्हटलं आणि तो तिथे थांबला, तर तो छळ नाही. नकारानंतर तो बसस्टँडपर्यंत मागे येऊ लागला, मैत्रिणींकडून निरोप पाठवू लागला, नव्या नव्या नंबरवरून फोन करू लागला, की छळ सुरू झाला. आमच्या मुलांना हा फरक कुणी शिकवलेला नसतो. पिच्छा पुरवणं म्हणजे प्रेम, असं ते लहानपणापासून पाहत आलेले असतात. हा फरक त्यांना पहिल्या वर्षातच, नाव न घेता, न ओरडता शिकवायला हवा.

हे सगळं कॉलेजच्या फाटकाआतच लागू असतं असंही नाही. यूजीसीच्या नियमावलीत ‘कॅम्पस’ या शब्दाचा अर्थ फार मोठा केला आहे. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, मेस, मैदान आणि स्वच्छतागृहं तर त्यात आहेतच. पण शैक्षणिक सहल, फील्ड व्हिजिट, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव आणि संस्थेने पुरवलेली गाडीसुद्धा आहे. मुलगी जिथे कॉलेजची विद्यार्थिनी म्हणून गेली आहे, ते ठिकाण कॅम्पस. एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं निवासी शिबिर एखाद्या खेड्यातल्या शाळेत असतं, तिथेही नियम लागू. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवाला तिन्ही जिल्ह्यांतून पोरी येतात, तालमी रात्रीपर्यंत चालतात, मुक्काम परक्या ठिकाणी असतो. मेकअप रूममध्ये घुसणारा दुसऱ्या कॉलेजचा मुलगा असला तरी तक्रार होऊ शकते. “ते आपल्या हद्दीत नाही” असं संघव्यवस्थापकाने म्हणू नये.

एसटीचं थोडं वेगळं आहे. आपल्या मुली शिकतात त्या एसटीच्या आणि पॅसेंजरच्या जोरावर. चोपडा, यावल, शहादा, साक्री भागातल्या खेड्यांतून पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या, किंवा नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत सुरत-भुसावळ मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या. बसमध्ये अनोळखी माणसाने त्रास दिला तर कॉलेजच्या समितीचा त्याच्यावर अधिकार चालत नाही. तिथे कंडक्टरला सांगणं, 112 लावणं, पोलिसांत जाणं हा मार्ग. पण त्रास देणारा आपल्याच कॉलेजचा असेल तर समितीला सांगाच. आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीआधी प्रॅक्टिकल सुटेल असं वेळापत्रक लावणं हे तर कॉलेजच्या हातात आहे. माझ्या मते कितीतरी भाषणांपेक्षा ही एक गोष्ट मुलींना जास्त सुरक्षित ठेवते.

समितीवर कोण असतं? अध्यक्ष महिलाच, आणि ज्येष्ठ: विद्यापीठात प्राध्यापक दर्जाची, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले. आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा मोठ्या पदांवरच्या लोकांना सदस्य होता येत नाही, कारण समितीवर दबाव नको.

त्या बाहेरच्या सदस्याविषयी मला पोटतिडकीने बोलायचं आहे. आपल्याकडे एका संस्थेत काम करणारे लोक एकमेकांचे साडू, व्याही, भाऊबंद असतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो अध्यक्षांच्या नात्यातला निघतो, क्लार्कचा मावसभाऊ निघतो. अशा ठिकाणी बाहेरून आलेली एक खमकी बाई समितीत बसली की सगळ्यांच्या बोलण्याची रीतच बदलते. ती जागा भरायची म्हणून एखाद्या ओळखीच्या वहिनींचं नाव टाकून ठेवणारी कॉलेजं मुलींचं फार मोठं नुकसान करतात.

तक्रार लेखी द्यायची असते. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. मुलीला वेळेत येता आलं नाही याचं कारण समितीला पटलं तर आणखी तीन महिने वाढवून देता येतात. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं कामच आहे. वकिली भाषा लागत नाही. काय झालं, कधी, कुठे, कोण होतं, त्यानंतर कुणाला सांगितलं, एवढं साध्या मराठीत लिहा. अहिराणीत बोलली, पावरीत बोलली तरी समितीने ते समजून घेऊन लिहून काढावं. मेसेजचे स्क्रीनशॉट, कॉल लॉग, त्या दिवशीचं बसचं तिकीट, मैत्रिणीला रडत पाठवलेला व्हॉइस मेसेज, सगळं जपा. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, हे मी प्रत्येक मुलीला सांगते. अर्ज देताना एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यायची. मुलगी शरीराने किंवा मनाने इतकी खचली असेल की स्वतः येऊ शकत नाही, तर तिच्या वतीने नातेवाईक, मैत्रीण, सहकारी कुणीही तक्रार देऊ शकतं.

पुढचं वेळापत्रक नियमात बांधलेलं आहे. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि संस्थेने तीस दिवसांत त्यावर कृती करायची. अहवालाची प्रत दोघांनाही मिळते. निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील. संस्थेला समितीचं म्हणणं मानायचं नसेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. “बघू, नॅकची (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची) भेट होऊ द्या” असं म्हणून फाईल कपाटात ठेवायची सोय नियमात कुठेही नाही.

आता मूळ भीतीकडे येते. मुली मला म्हणतात, “मॅडम, घर सांगं ते कॉलेज बंद व्हई जाई.” सरांची भीती त्यांना असतेच, पण त्याहून मोठी भीती ही असते. आणि दुसरी भीती: तक्रार केल्यावरही त्याच सरांच्या तासाला बसायचं, त्यांनीच पेपर तपासायचे, त्यांच्याचसमोर तोंडी परीक्षा द्यायची. या दुसऱ्या भीतीवर नियमावलीत थेट उपाय आहे आणि तो जवळजवळ कुणालाच माहीत नाही. चौकशी चालू असतानाच समिती अंतरिम दिलासा मागू शकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचे पेपर तपासण्यापासून, तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. त्याला तिच्यापासून लांब राहण्याची ताकीद देता येते, गरज पडली तर कॅम्पसमध्ये यायला बंदी घालता येते. दोघांपैकी एकाला दुसऱ्या विभागात हलवता येतं. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, तीही हक्काची रजा कापून न घेता.

मात्र ‘दोघांपैकी एकाला हलवता येतं’ या वाक्याचा सोयीस्कर अर्थ लावला जातो आणि हलवलं जातं ते मुलीला. “बेटा, तू दुसऱ्या बॅचला जा, विषय संपेल.” विषय तिचा संपतो, त्याचा नाही. नवी बॅच, नवे सर, सगळे विचारतात का बदललीस. पीएचडी करणाऱ्या मुलीचं तर विचारूच नका. गाईड बदलला की तीन वर्षांचं काम पाण्यात जाऊ शकतं. मी समितीवर असताना एकच धरून ठेवायचे: हलवायचंच असेल तर आधी त्याला हलवा, आणि तिला काय हवं ते तिला एकटीला विचारा. गाईड बदलावा लागला तर तिचं झालेलं काम, मुदतवाढ आणि फेलोशिप यांची लेखी हमी विद्यापीठाने द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

चौकशी म्हणजे न्यायालय नव्हे. इथे वकील उभा करता येत नाही. गुन्हा ‘संशयापलीकडे’ सिद्ध व्हावा अशी अपेक्षाही नसते. सगळं ऐकून घडल्याची शक्यता जास्त दिसते का, हे पाहायचं असतं. एकांतात घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो, म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पण समोरच्या माणसाला आपली बाजू मांडायची पूर्ण संधी द्यावीच लागते, आणि यात घाई करणाऱ्या समित्या मुलीचंच वाटोळं करतात. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या प्रकरणात हेच झालं. तक्रारी 2009 मधल्या. समितीने सुनावणी इतकी घाईने उरकली की 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षांनी पुन्हा 2009 च्याच टप्प्यापासून. त्या मुलींच्या वाट्याला काय आलं असेल, याचा विचार प्रत्येक समिती सदस्याने करावा. नोटिसा लेखी द्या, तारखा नोंदवा, प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा, समोरच्याने मुदत मागितली तर रास्त मुदत द्या.

समोरासमोर उलटतपासणी होईल या धास्तीने मुली मागे फिरतात. तशी गरज नसते. समितीला प्रश्न लेखी घेऊन मुलीला वेगळ्या खोलीत विचारता येतात. ही काही कालची सूट नाही. रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मुलींच्या वसतिगृहात शिरून धिंगाणा घालणाऱ्या मुलांना काढून टाकलं होतं. मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले होते. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत योग्य ठरवली. मुलींना त्याच मुलांसमोर उभं करणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे, हे पन्नास वर्षांपूर्वी मान्य झालेलं आहे.

गुप्ततेबद्दल नियम कडक आहे. तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार, कुणाचीही ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही. माहिती अधिकारातही ती मिळत नाही. नियम कडक, पण गावं लहान. दुपारी समितीची बैठक झाली की संध्याकाळी चहाच्या टपरीवर नाव आलेलं असतं. नोटीस टाईप करणारा क्लार्क, फाईल नेणारा शिपाई, खिडकीबाहेर उभे असलेले लोक. म्हणून अशा प्रकरणाचं टायपिंग अध्यक्षांनी स्वतः करावं, फाईल बंद पाकिटातून जावी, बैठक कॉलेज सुटल्यावर किंवा दुसऱ्या इमारतीत घ्यावी. 1994 मध्ये जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचं जे प्रकरण उघड झालं, ते आमच्या पिढीतल्या बायकांना आजही आठवतं. तेव्हाही नाव बाहेर येईल या धाकाने किती जणी बोलल्याच नाहीत.

तडजोड करता येते का? मुलीने स्वतःहून मागितली तरच, आणि तीही पैसे घेऊन नाही. संस्थेतल्या ज्येष्ठांनी तिला बोलावून, वडिलांना बोलावून, “पोरनं नाव खराब व्हई, मिटवा” म्हणणं याला तडजोड म्हणत नाहीत. तो दबाव आहे, आणि तक्रार केल्याचा सूड म्हणून तिला त्रास देणं हाही गैरप्रकारच.

दोष सिद्ध झाला तर कर्मचाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. विद्यार्थी असेल तर ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांसारख्या सवलती बंद करता येतात, काही काळ कॉलेजात यायला बंदी करता येते, नाव पटावरून काढता येतं. समुपदेशन किंवा समाजसेवेचीही सक्ती करता येते. पहिल्यांदाच चुकलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलासाठी हा शेवटचा मार्ग मला कधीकधी योग्य वाटतो, पण तो तिच्या सुरक्षिततेच्या बदल्यात नको.

‘खोटी तक्रार केली तर मुलीलाच शिक्षा’ ही धमकी फार पसरवली जाते. नियम असा आहे की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होऊ शकत नाही. जाणूनबुजून, द्वेषाने खोटं रचलं हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

पोलिसांचा मार्ग समितीच्या मार्गाला पर्याय नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. मुलीची इच्छा असेल तर पोलीस तक्रारीसाठी मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 75 लैंगिक छळाविषयी आहे, कलम 78 पाठलाग करण्याविषयी, त्यात मोबाईल आणि इंटरनेटवर पाळत ठेवणंही येतं. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी जवळच्या ठाण्याला गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवावा लागतो. महिलांसाठी 181 ही हेल्पलाईन आहे.

अकरावी-बारावीच्या मुलींचा मात्र वेगळा विचार. आपल्याकडे ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज एकाच इमारतीत भरतं. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर 2012 चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा कायदा लागतो. त्यात गुन्हा घडल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, शिक्षकासाठी आणि प्राचार्यासाठीही. तिथे ‘आपापसात मिटवलं’ ला जागाच नाही. लहान मुलांसाठीचा नंबर 1098.

तक्रार संस्थाचालकाविरुद्धच असेल तर? जो समिती नेमतो त्याचीच चौकशी समितीने कशी करायची? त्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते, तिच्याकडे थेट जाता येतं. हे मी मुद्दाम तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, म्हणजे सीएचबीवरच्या तरुण शिक्षिकांसाठी लिहिते आहे. दरवर्षी नेमणूक नव्याने मिळवायची, तासाचे पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही, आणि ‘पुढच्या वर्षी घेऊ की नको’ हे एका माणसाच्या मनावर. त्या विद्यार्थिनींइतक्याच उघड्यावर आहेत, आणि संरक्षण त्यांनाही तेवढंच आहे. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांच्यावरही असा अत्याचार होतो, हे यूजीसीच्या नियमावलीने नोंदवलेलं आहे. वसतिगृहात सिनिअर मुलांकडून असा त्रास झालेल्या मुलाला “तू तर मुलगा आहेस” म्हणून परत पाठवणं चुकीचं आहे.

असं काही घडलं की संस्थांना एकच उपाय सुचतो: मुलींवर बंधनं. वसतिगृहाचं फाटक सहाला बंद, मोबाईल जमा, मैदानावर जायचं नाही, गॅदरिंगमध्ये नाच नाही. यूजीसीच्या नियमावलीत याला स्पष्ट नकार आहे. सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावायचे नाहीत, आणि सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या फिरण्यावर पहारा बसवायचा नाही, असं त्यात म्हटलं आहे. करायचं ते हे: रस्त्यावर दिवे, कडी असलेली स्वच्छतागृहं, महिला सुरक्षारक्षक, समुपदेशक. धडगाव, अक्कलकुव्याहून येऊन शहरातल्या वसतिगृहात राहणारी मुलगी तिच्या घरातली पहिलीच पदवीधर होणार असते. तिला सहा वाजता कोंडून ठेवलं तर ग्रंथालय कुणासाठी?

माझ्यापुरतं सांगते. मी बी.एस्सी.ला असताना, विशाखा निकालाच्या आधीची गोष्ट, प्रॅक्टिकल शिकवणारे एक सर ब्युरेट धरायला शिकवण्याच्या निमित्ताने मागे येऊन उभे राहायचे. मी काही बोलले नाही. रसायनशास्त्र मला फार आवडायचं, पण शेवटच्या वर्षाला मी तो विषय सोडला. कितीतरी वर्षांनी आईला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तव्हय नही सांगं ते बरं व्हयनं. तुन्हं कॉलेज बंद व्हई जातं.” तिचं खरंच होतं. मी विषय गमावला, आणि बोलले असते तर कॉलेज गमावलं असतं. सरांचं काहीच गेलं नसतं.

म्हणून आईवडिलांना माझी हात जोडून एक विनंती आहे. कॉलेज सुरू होण्याआधी, काही घडलेलं नसतानाच, मुलीला तोंडाने सांगा की असं काही झालं तर आम्हाला सांग, तुझं शिक्षण थांबणार नाही. मनात असून उपयोग नाही, तिच्या कानावर पडलं पाहिजे. वडिलांनी सांगितलं तर जास्त बरं, कारण भीती बहुतेक वेळा त्यांचीच असते. आणि ती खरोखर सांगायला आली, तर ‘तू तिथे का गेली होतीस’ हा प्रश्न पहिला विचारू नका. आधी पाणी द्या, ऐकून घ्या, तारखा लिहून ठेवा.

जूनमध्ये ॲडमिशनच्या खिडकीपाशी फी भरताना वडील पावती दोनदा वाचतात, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी भरायचा ते विचारतात, पासवर कॉलेजचा शिक्का मागतात. त्याच खिडकीत आणखी एक विचारा, मुलीला शेजारी उभं करून: अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष कोण आहेत आणि त्यांची खोली कुठली? समितीच्या सदस्यांचे संपर्क सगळ्यांना कळवणं नियमानेच सांगितलेलं आहे. क्लार्कला उत्तर देता आलं नाही तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारा, आणि ती खोली मुलीला चालत जाऊन दाखवा.